एकुलती एक प्रत

जेनेट कंपनीच्या ५२७५ क्रमांकाच्या तबकडीची जगात एकच प्रत उरली आहे, असे संग्राहक मानतात. एका बाजूला ‘झुलूज बॉल’, दुसरीला ‘वर्किंगमॅन ब्लूज’. बँड किंग ऑलिव्हरचा, साल १९२३. त्यातला दुसरा कॉर्नेट ज्याच्या ओठांना आहे तो बावीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग. स्टुडिओ म्हणजे इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी, पियानोच्या कारखान्याच्या आवारातली एक खोली, रेल्वेमार्गाला इतकी लागून की गाडी आली की ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. मायक्रोफोन अजून यायचा होता. सगळे वादक एका कर्ण्यापुढे दाटीवाटीने उभे राहत आणि त्यांच्या आवाजाने थरथरणारी सुई मेणाच्या चकतीत खाच कोरत जाई.

त्या वर्षी या बँडने चार कंपन्यांसाठी मिळून ३७ मुद्रणे केली. जॅझच्या अभ्यासकांना ती संहितेसारखी आहेत. पण ज्या कंपन्यांनी ती विकली, त्यांच्या वारसांनी ती एकत्र आणली नाहीत. ते काम केले इलिनॉयमधल्या आर्किओफोन नावाच्या, नवरा-बायकोने चालवलेल्या छोट्या कंपनीने. धातूचे मूळ साचे हाताशी नसल्याने एकेका मुद्रणासाठी बऱ्यातली बरी तबकडी कोणाच्या कपाटात आहे हे आधी शोधावे लागते, मग त्या माणसाचे मन वळवावे लागते. ५२७५च्या बाबतीत शोधाचा प्रश्नच नव्हता. ती जशी आहे तशी, तिच्या सगळ्या जखमांसह, घ्यायची.

दुर्मीळ ध्वनिमुद्रण पुन्हा प्रकाशात आणायचे तर खरी अडचण पैशाची, असे बाहेरून वाटते. ती आहेच. पण त्याहून चिवट अडचण मालकीची आहे. वस्तू एकाची असते, हक्क दुसऱ्याचा, आणि ज्याने फुंकर घातली तो तिसराच, बहुधा मेलेला. हे तिघे एका ठिकाणी कधी नसतात. स्वतंत्र प्रकाशक म्हणजे त्यांना एकदा, थोड्या काळापुरते, एका छपराखाली आणणारा मध्यस्थ.

वस्तूपासूनच पाहू. विसाच्या आणि तिसाच्या दशकांतली तबकडी लाखेची. जगभरच्या तबकड्यांना लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानातून जाई. छोटा नागपूरच्या पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरून खरवडलेली. (लाख म्हटली की आपल्याला लाक्षागृह आठवते. शिकागोच्या काळ्या वस्तीतल्या माणसाच्या घरीही तीच होती, फोनोवर फिरत.) दुसरे महायुद्ध आशियात पेटले, जहाजांचे मार्ग धोक्यात आले आणि एप्रिल १९४२मध्ये अमेरिकी सरकारने बिगरलष्करी कामासाठीचा लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करायला लावला. लाख दारूगोळ्याला आणि वेष्टणांना हवी होती. तबकड्यांच्या कंपन्यांनी जुना माल गोळा करून, दळून, पुन्हा वापरायला सुरुवात केली. दुकानदार जुन्या तबकड्या परत मागू लागले. लोकांनी देशभक्तीने, किंवा नवे गाणे हवे म्हणून, माळ्यावरचे गठ्ठे आणून ओतले. त्या भुग्यात काय काय गेले याची यादी कुणी केली नाही, करणे शक्यही नव्हते. दुर्मीळपणा हा काळाचा गुण आहे असे आपण समजतो. पुष्कळदा तो एखाद्या सरकारी आदेशाचा परिणाम असतो.

पुढे टेप आली आणि वाटले, आता सुटलो. १९७८ साली न्यू जर्सीतल्या लाँग ब्रांच इथे अटलांटिक कंपनीचे गोदाम जळाले. अप्रकाशित मुद्रणांच्या टेपांचे ढीग त्यात गेले. २००८च्या १ जूनला हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली. तिथे ध्वनिमुद्रणेही होती, ही गोष्ट सर्वसामान्यांपर्यंत पोहोचायला २०१९ उजाडावे लागले. मोठ्या कंपनीच्या तळघरात ठेव सुरक्षित असते, हा समज तेव्हापासून मी तरी सोडून दिला आहे. चाहत्यांची कपाटे विस्कळीत असतात, पण ती एका ठिणगीने एकदम जात नाहीत.

आता हक्क. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्राचा कॉपीराइट कायदा लागूच नव्हता. ती राज्याराज्यांच्या कायद्यांच्या छत्राखाली २०६७पर्यंत अडकलेली होती. २०१८च्या कायद्याने ही गाठ सैल केली, आणि १९२३ची मुद्रणे अखेर १ जानेवारी २०२४ला मुक्त झाली. म्हणजे ऑलिव्हरच्या त्या ३७ तुकड्यांना १०० वर्षे थांबावे लागले. युरोपात मुदत ५० वर्षांची होती. २०१३पासून ती ७० झाली, पण १९६३पूर्वीचे जे आधीच सुटले होते ते सुटलेलेच राहिले. म्हणून बार्सिलोना किंवा लंडनमध्ये जे उघड विकता येते, तेच न्यू यॉर्कमध्ये विकले तर खटला.

नॅक्सॉस कंपनीने हे भोगले. तिने तिसाच्या दशकातली पाश्चात्त्य अभिजात संगीताची काही ब्रिटिश मुद्रणे जुन्या तबकड्यांवरून मेहनतीने दुरुस्त करून काढली. इंग्लंडमध्ये ती मुक्त झाली होती. कॅपिटॉल कंपनीने न्यू यॉर्कमध्ये दावा लावला आणि २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटॉलच्या बाजूने कौल दिला. मुद्रण जॅझचे नव्हते. पण जॅझची पुनर्प्रकाशने करणाऱ्या प्रत्येक छोट्या माणसाला त्या निकालाने झोप लागू दिली नाही. त्याच वर्षी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी झालेली एक पाहणी बाहेर आली. १८९० ते १९६४ या काळातल्या महत्त्वाच्या मुद्रणांपैकी हक्कदारांनी स्वतः किंवा परवाना देऊन बाजारात ठेवलेली मुद्रणे १४ टक्के होती. हक्क नसलेल्यांनी, छोट्यांनी आणि परदेशी लोकांनी उपलब्ध केलेली २२ टक्के. या दोन आकड्यांपुढे चाचेगिरीवरची व्याख्याने मला पोकळ वाटतात. तरी एक भेद करायलाच हवा. तबकडी शोधून, धुऊन, सुई बदलून बदलून आवाज काढणारा एक. आणि त्याने काढलेली सीडी जशीच्या तशी उतरवून स्वस्तात विकणारा दुसरा. कायद्याच्या लेखी हे दोघे पुष्कळदा एकच ठरतात, कारण दुरुस्तीच्या कष्टाला वेगळा हक्क मिळणे अवघड. पहिल्याला चोर म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याला काय म्हणायचे ते आधी ठरवावे.

सरळ परवाना घेऊन हे काम करता येते हे मोझेइक रेकॉर्ड्सने दाखवले. मायकेल कस्कूना आणि चार्ली लाउरी यांनी ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काढली. कस्कूना त्याआधी काही वर्षे ब्लू नोट कंपनीच्या तळघरातल्या टेपा उपसत होता. १९८३मध्ये थेलोनियस मंकच्या ब्लू नोट मुद्रणांचा संपूर्ण संच आला. पद्धत साधी : मोठ्या कंपनीकडून ठराविक संख्येपुरता परवाना, काही हजार क्रमांकित प्रती, दुकानांना फाटा देऊन थेट टपालाने विक्री, आणि आत मुद्रणांच्या तारखांसह जाड पुस्तिका. प्रती संपल्या की संच संपला. यात एक विसंगती आहे. दुर्मिळाला सुलभ करायला निघालेला प्रकाशक आणखी एक दुर्मीळ वस्तू तयार करतो. जुने मोझेइक संच आज मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले जातात. पण मोठी कंपनी हक्क देते ते एवढ्यासाठीच, की तो तिच्याकडे परत येणार आहे.

वस्तू, हक्क आणि वादक यांची ही ओढाताण सर्वांत स्पष्ट दिसते ती सॅव्हरी संग्रहात. बिल सॅव्हरी हा ध्वनितंत्रज्ञ. तिसाच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू यॉर्कमध्ये तो रेडिओवरून येणारे जॅझ थेट चकत्यांवर उतरवून घेई. बाजारातल्या दहा इंची तबकडीत तीन मिनिटे मावत. सॅव्हरीच्या मोठ्या, संथ फिरणाऱ्या चकत्यांवर वादक त्यांना हवे तितके वाजवताना सापडतात. काउंट बेसीच्या बँडमधला लेस्टर यंग, कोलमन हॉकिन्सचे १९४०च्या वसंतातले ‘बॉडी अँड सोल’, लायोनेल हॅम्प्टन. हे सगळे त्याने जवळजवळ ७० वर्षे स्वतःजवळ ठेवले. सॅक्सोफोनवादक आणि अभ्यासक लॉरेन शॉनबर्ग अनेक वर्षे त्याच्या मागे होता. सॅव्हरीने दाद दिली नाही. २००४ साली तो गेला. २०१०मध्ये शॉनबर्गला त्याच्या मुलाचा पत्ता लागला आणि हार्लेमच्या राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाने जवळजवळ हजारभर चकत्या विकत घेतल्या.

त्या लाखेच्या नव्हत्या. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर असे. या थराला लवचीक ठेवण्यासाठी त्यात एरंडेल घालत. वर्षानुवर्षे ते बाहेर झिरपते, पृष्ठभागावर पांढरी भुकटी धरते, थर आकसतो आणि पापुद्र्यांनी सुटू लागतो. काही चकत्या खाचेतल्या खाचेत जुळवून एकदाच वाजवता येतील अशा अवस्थेत होत्या. ते काम डग पोमरॉयने केले. म्हणजे वस्तू मिळाली, आवाजही मिळाला. तरी तो लोकांना ऐकायचा तर संग्रहालयात यावे लागे. कारण चकती विकत घेतली म्हणून तिच्यावरचे वादन विकण्याचा हक्क येत नाही. प्रसारण रेडिओचे, वादक दुसऱ्याच कंपनीशी करारबद्ध, रचना तिसऱ्याची, आणि बहुतेकांचे वारसदार विखुरलेले. पहिला भाग विक्रीला यायला २०१६ उजाडले. सहा सीडींचा संच मोझेइकनेच २०१८मध्ये काढला. संग्रहाचा मोठा हिस्सा त्यातही नाही. सॅव्हरीने ठेवले म्हणून ते वाचले, आणि त्यानेच ठेवले म्हणून ते उशिरा आले. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

आवाजाच्या दुरुस्तीबद्दल थोडेसेच. ‘७८’च्या तबकड्या नेमक्या ७८ वेगाने फिरत असत असे नाही; विसाच्या दशकात वेग कंपनीगणिक, कधी दिवसागणिक बदले. वेग चुकला की स्वर चढतो किंवा उतरतो. आपल्याकडे जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना गायकाची पट्टी पांढरी चार की काळी दोन यावर जे वाद होतात, त्यांचे मूळ पुष्कळदा गळ्यात नसून मोटारीत असते. बड्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत : माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू मुद्रणयंत्र किंचित मंद चालल्यामुळे १९५९पासून चढ्या स्वरात विकली गेली आणि १९९२ साली सरळ झाली. इंग्लंडमधला जॉन आर. टी. डेव्हिस खरखर काढायला संगणकाची वाट पाहत बसला नाही; टेपवर प्रत्येक टिचकीची जागा शोधून तिथला चुंबकीय थर तो पात्याने हलकेच खरवडत असे. आज एका बटणावर सगळी सळसळ पुसता येते. बहुतेक वेळा तिच्याबरोबर झांजेची धार आणि खोलीतली हवाही पुसली जाते. गुळगुळीत केलेल्या ऑलिव्हरपेक्षा खरखरणारा ऑलिव्हर मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

हे सारे वाचताना मुंबई-कलकत्त्याची आठवण होणे अटळ आहे. शिकागोचा पियानिस्ट टेडी वेदरफर्ड शांघायमार्गे मुंबईच्या ताजमध्ये आला, पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात स्थिरावला आणि १९४५ साली पटकीने तिथेच वारला. युद्धकाळात त्याने कलकत्त्यात कोलंबियासाठी तबकड्या भरल्या. ताजमध्येच ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ होता, आणि अल्दोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ज्याला लोक हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. मराठी माणसाने चिकचा ट्रंपेट ऐकला आहे, त्याचे नाव माहीत नसताना : सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसतो.

भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाची मुदत ६० वर्षांची. म्हणजे वेदरफर्डच्या तबकड्या इथे केव्हाच मुक्त झाल्या. फक्त तो ज्यांच्या रचना वाजवी त्या अमेरिकी संगीतकारांचे हक्क तपासायला हवेत. अमेरिकेत तबकड्या आहेत आणि दार बंद होते. आपल्याकडे दार उघडे आहे आणि आत तबकडी नाही. पावसाळी हवेने, स्थलांतरांनी, आणि इंग्रजी नाचगाण्याची तबकडी कोण घेणार म्हणून जुन्या बाजारातल्या दुकानदाराने मागे सारल्याने ती गेली. या काळाचा एक नेटका संच निघाला तो इंग्लंडमध्ये, ब्रूस बॅस्टिनच्या हार्लेक्विन या छोट्या लेबलवर, १९२६ ते १९४४पर्यंतची निवडक मुद्रणे असलेला. मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी तबकड्यांच्या याद्या करण्यात आयुष्य घातले आहे, तेव्हा इथे जाणकार नाहीत असे म्हणता येणार नाही.

नवा संच काढू पाहणाऱ्याला तबकडी कदाचित परदेशातल्या संग्राहकाकडून उसनी मिळेल. लेबलवर मात्र बँडप्रमुखाचे नाव आणि फार तर गायिकेचे. मागच्या रांगेतले सॅक्सोफोन आणि ट्रंपेट कोणाचे, ते गोव्याच्या घरांतल्या अल्बमांवरून, हॉटेलांच्या जाहिरातींवरून आणि थोड्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवरून जुळवावे लागेल. हार्लेक्विनच्या एलपीच्या वेळी अशी माणसे अजून बरीच होती. ती एलपीही आता सहज मिळत नाही.