मूर्ती, प्रत आणि साक्ष

मूळ वस्तू आणि तिची प्रत यांतील भेद डोळ्यांना दिसेनासा झाला, म्हणजे नीतीच्या दृष्टीनेही तो उरत नाही काय? संग्रहालयातील मूर्तीचे त्रिमितीय चित्र आज पडद्यावर हवे तसे फिरवून पाहता येते. तिचा काळ, तिची घडण, तिची कथा हे सारे ध्वनी व चित्र यांच्या साह्याने सांगता येते. त्यातून एक युक्तिवाद पुढे येतो : मूर्ती जिथे सुरक्षित आहे तिथेच राहू द्यावी, आणि ज्यांची ती होती त्यांना तिची डिजिटल कथा द्यावी. हा युक्तिवाद नवा वाटतो. परंतु कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील एका गावाने त्याचे मर्म संगणकाच्या कितीतरी आधी अनुभवले आहे.

कुंभकोणमजवळच्या शिवपुरम येथे १९५१ साली जमिनीतून काही कांस्यमूर्ती निघाल्या. त्यांत एक चोळकालीन नटराज होता. तो गावच्या मंदिराकडे आला, १९५४ मध्ये डागडुजीसाठी बाहेर गेला, आणि परत आली ती त्याची हुबेहूब प्रत. मूळ मूर्ती विकली गेली व १९७३ मध्ये अमेरिकेतील नॉर्टन सायमन प्रतिष्ठानाकडे पोचली. पुढे झालेल्या खटल्यात १९७६ साली तडजोड झाली आणि तिच्यानुसार दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, नटराज भारतात परतला. तोवर मंदिरात होती ती प्रतच.

मग गावाचे नेमके काय गेले? हा प्रश्न सहज झटकून टाकता येणार नाही. भारतीय परंपरेने धातूला किंवा दगडाला कधीच अंतिम मानलेले नाही. जीर्ण वा भंगलेल्या मूर्तीच्या जागी विधिपूर्वक नवी मूर्ती स्थापन करता येते. महाराष्ट्रात तर गणपतीची मूर्ती प्रेमाने घडवून दरवर्षी पाण्यात सोडली जाते. पण विसर्जन करणारा जाणून करतो, आणि नवी मूर्ती बसवणारेही जाणूनच बसवतात. शिवपुरमच्या भक्ताला कोणी काही विचारले नाही, सांगितलेही नाही. प्रत करणे हा अपराध नव्हता. गावाच्या वतीने, गावाला अंधारात ठेवून निर्णय घेणे हा अपराध होता. भक्ताची श्रद्धा खरी राहिली म्हणून फसवणूक खोटी ठरत नाही. डिजिटल प्रत उघडपणे दिली जाते, हा फरक मान्य केला, तरी मूळ कोणाकडे राहावे हे प्रत देणाराच ठरवीत असेल, तर दोषाचे मूळ तसेच राहते.

या नात्याला कायद्यानेही एकदा मान्यता दिली आहे. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील पत्तूर येथे १९७६ मध्ये एका मजुराला पडक्या मंदिराजवळ खणताना नटराज सापडला. तो लंडनला गेला आणि १९८२ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने विकत घेतला. ब्रिटिश संग्रहालयात तो देखभालीसाठी असताना पोलिसांनी ताब्यात घेतला. खटल्यात मंदिर स्वतःच दावेदार म्हणून उभे राहिले. १९८८ मध्ये निकाल मंदिराच्या बाजूने लागला आणि १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. ज्याच्या भिंतीही धड उरल्या नव्हत्या, त्या मंदिराचा हक्क परक्या देशात मान्य झाला.

तथापि प्रतिमेला तुच्छ लेखणे अन्यायाचे होईल. पाँडिचेरी येथील फ्रेंच संस्थेने १९५६ पासून दक्षिणेतील मंदिरांची छायाचित्रे जमवली. अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदानचा चोरीस गेलेला नटराज २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे ५० लाख डॉलरना घेतला होता; तो ओळखण्यास याच संग्रहातील छायाचित्रे उपयोगी पडली, आणि २०१४ मध्ये मूर्ती परत आली. जी प्रतिमा मूर्तीचा पर्याय म्हणून पुढे केली जाते, तीच येथे मूर्तीची साक्षीदार झाली.

कथेचेही तसेच आहे. तंजावरच्या सरस्वती महालातून चोरीस गेलेले सरफोजी राजे व त्यांचे पुत्र शिवाजी यांचे चित्र खोट्या पूर्वेतिहासासह विकले गेले. २००६ मध्ये ते अमेरिकेतील पीबॉडी एसेक्स संग्रहालयाने घेतले आणि २०१५ मध्ये परत केले. हे चित्र देव नव्हते, त्याची पूजा होत नव्हती. तरीही त्याला घर होते. आणि त्याचे घर पुसण्यासाठी विक्रेत्याने जे वापरले तीही एक कथाच होती. तेव्हा कथा सांगितली जाते एवढ्याने भागत नाही. ती कोण सांगतो आणि कशासाठी, हे पाहावे लागते. जी कथा वस्तूला तिच्या घराचा पत्ता सांगते ती साक्ष. जी तो विसरायला लावते ती, कितीही सुंदर असली तरी, चोरीची सोबतीण.

हाच निकष आपल्यालाही लावला पाहिजे. लंडनहून परतलेला पत्तूरचा नटराज पत्तूरच्या देवळात विराजमान झाला नाही. सुरक्षिततेसाठी तो तिरुवारूरच्या मूर्तिसंरक्षण केंद्रात कुलुपाआड ठेवला गेला. चोरीचे भय खरे आहे, हे इतिहासानेच दाखवले. परंतु सुरक्षिततेचे जे कारण परदेशी संग्रहालयाने दिले तर अपुरे वाटते, ते स्वदेशी कोठाराने दिले म्हणून पुरेसे कसे होईल? उत्सवमूर्ती मिरवणुकीसाठी घडवलेली असते. तिला खांदे लागतात, रस्ता लागतो, वाट पाहणारी माणसे लागतात. मूर्ती देशात येणे ही परतीची पहिली पायरी होय. गावाला पुन्हा तिच्याविषयी निर्णय घेता येईल, तेव्हाच ती घरी पोचली असे म्हणता येईल.