फुटकी बांगडी

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आलेला माणूस ब्रह्मपुरीच्या पोसायडनपुढे थांबतो. समुद्र ओलांडून पंचगंगेकाठी पोचलेला तो ब्राँझचा देव. त्याच्यापुढे काचेच्या तुकड्यांना कोण विचारतो? १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि मो. गं. दीक्षितांनी ब्रह्मपुरीची टेकडी खणली, तेव्हा सातवाहनांच्या वरच्या बहमनी थरांत रंगीबेरंगी बांगड्यांचे तुकडे निघाले. दीक्षितांनी मात्र काचेला विचारलं. भारतीय काचेचा त्यांचा इतिहास १९६९ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

बिनजोड बांगडीची जुनी रीत विलक्षण आहे. वितळलेल्या काचेच्या गोळ्याला सळईने भोक पाडायचं, मग आचेवर फिरवत फिरवत तो शंकूवर रुंद करत न्यायचा. रंग हवा तर दुसरी काच वर चढवायची. हळूहळू निवू दिली नाही, तर काच आतल्या ताणानेच तडकते.

कापड कुजतं, लोखंड गंजतं, काच मात्र मातीत शतकानुशतकं राहते. तुकड्यावरून काळ ठरवता येतो, कारण नाही. धुणं आपटताना वाढलेली बांगडी आणि नवऱ्याच्या प्रेतापुढे फोडलेली बांगडी, दोन्हींच्या कडा सारख्याच. खरं तर बांगडी हातातून अलगद काढताही येते. पण समाजाला ती फुटल्याचा आवाज हवा होता, असं मला वाटतं. सोनं असं वाजत नाही.

कारागिराची धडपड नेमकी उलटी. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच ज्योतीच्या आचेला टिकली तरच खपायची. (बांगडीवाल्याचं पोट फुटण्यावरच चालतं, ही गोष्ट वेगळी.)

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला: पती वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. फोडणारे हात बहुतेक वेळा घरातल्याच बायकांचे असतात, त्यामुळे ठराव माजघरापर्यंत पोचायला वेळ लागणार. पण उद्या एखाद्या विधवेने कासाराच्या दुकानात हात पुढे केला, तर तिच्या कपाळाकडे न बघता ‘कोणता रंग देऊ, ताई?’ एवढं विचारायला त्याला कुठल्या ठरावाची वाट बघावी लागत नाही.