वाट कोणी द्यावी?

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत ठाकुरवाडी नांवाची वस्ती एकच नाहीं. डोंगराच्या पदरावर जेथें ठाकरांचीं दहा-वीस घरें वसलीं तेथें ठाकुरवाडी झाली. बोरघाट चढणाऱ्या आगगाडीच्या मार्गावरही त्याच नांवाचें एक ठाणें आहे. १८६३ सालीं सुरू झालेल्या त्या मार्गावर सदतीस फुटांस एक फूट असा चढ असून तेवढ्यासाठीं गाडीस मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. आम्हांस जी गोष्ट सांगावयाची आहे ती ज्या ठाकुरवाडीच्या पायवाटेवर घडली, ती वाट याहून कितीतरी उभी आहे, आणि तिच्यावरून रोज माणसें डोक्यावर ओझीं घेऊन जातात-येतात.

गेलीं कांहीं वर्षें आम्ही डोंगरांतील शर्यतींत भाग घेत आलों आहों. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें हें करावें काय, असा प्रश्न घरांत वारंवार निघतो. त्याचा निकाल येथें लावण्याचा आमचा विचार नाहीं. ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों कीं, चढावर आमच्यासारखे बहुतेक सगळे चालतात. शर्यत खरी ठरते ती उतारावर. उतरतांना मांडीचे स्नायु ताणले जात असतांच शरीराचा भार झेलीत असतात, आणि म्हणून दुसऱ्या दिवशीं जिन्यावर जो ठणका लागतो तो आदल्या दिवशींच्या चढाचा नसून उताराचा असतो. पावसाळा सरल्यावर सह्याद्रीच्या वाटेवर मुरूम सुटा होतो व त्यावर वाळकें गवत पसरतें. अशा घसाऱ्यावर पाऊल टेकल्यानंतर विचार करूं म्हटलें तर घसरलेंच म्हणून समजावें. पाऊल आखूड ठेवावें, नजर दोनतीन पावलें पुढें असावी, आणि कितीही भीति वाटली तरी अंग मागें टाकूं नये. हें साधलें म्हणजे जो आनंद होतो तो, लहानपणीं एखादी टेकडी धांवत उतरलेल्या कोणासही ठाऊक असेल.

अशाच एका उतारावर, खालीं वाडीचीं घरें दिसूं लागलीं असतां, आमच्या पुढें सरपणाची मोळी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी उतरत होती. वाट एका माणसापुरती. आम्ही मागूनच "साइड, साइड" असें ओरडलों. ती वाटेखालच्या घसाऱ्यावर उतरली, एक पाय करवंदीच्या जाळीच्या बुंध्याशीं रोवून मोळीसह तोल सांभाळीत उभी राहिली, आणि आम्ही शेजारून जात असतां तिनें विचारलें, "कोन आजारी हाय का, बाबा?" आम्ही "नाहीं, नाहीं" म्हणत पुढें गेलों. यांत आमचा जो वेळ वाचला तो फार तर पांच सेकंदांचा असेल. त्या शर्यतींत आमचा क्रमांक कितवा लागला हें सांगण्यासारखें नाहीं.

तिच्या प्रश्नाचा अर्थ ध्यानांत येण्यास आम्हांस दोन दिवस लागले. ज्या वाडीस मोटारीची सडक नाहीं तेथून आजारी माणूस किंवा अडलेली बाई झोळींत घालून खालीं न्यावी लागते. कोणास पान लागलें तर निरोप घेऊन एखादा तरुण धांवत सुटतो. एरवीं भल्या माणसानें त्या उतारावर धांवण्याचें कारणच काय? ओझें असलेल्यास मोकळ्यानें वाट द्यावी, हा डोंगरांतला साधा शिष्टाचार आहे. त्याला अपवाद एकच, आणि तो संकटासाठीं धांवणाराचा. म्हातारीनें तो अपवाद आम्हांस लागू केला. तिनें वाट दिली ती आम्हांस नव्हेच. आमच्या धांवण्यामागें जो कोणी आजारी पडला असावा असें तिला वाटलें, त्याला दिली. आम्ही ती मधल्यामध्यें घेतली.

एवढ्याशा गोष्टींत नीतीचा प्रश्न कसला, असें कांहीं वाचकांस वाटेल. आमच्या एका स्नेह्यांनीं तर, धांवणें हा संकटाचाच इशारा आहे असें मानणें म्हणजे वाडींतील लोकांस खेळाची हौसच नसते असें म्हणणें होय, असा आमच्यावर उलट आरोप केला. त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाडा या आदिवासी वस्तींत वाढलेल्या कविता राऊत यांनीं २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत दहा हजार मीटरांच्या शर्यतींत कांस्यपदक व त्याच वर्षीं ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेंत रौप्यपदक मिळविलें. हौस पाड्यावरही असते. ती पुरविण्यास लागणारा मोकळा वेळ व मैदान नसतें.

हौस या शब्दाशीं आम्ही जरा अडखळतों. हौशी खेळाडूस इंग्रजींत जो शब्द आहे त्याच्या मुळाशीं प्रेम आहे. आमच्या हौसेच्या मुळाशीं अरबी 'हवस' आहे. आमचाच शब्द आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. १८६६ सालीं लंडनमध्यें निघालेल्या हौशी धांवपटूंच्या क्लबानें हौशी कोणास म्हणावें हें ठरवितांना कारागीर व मजूर यांस वगळलें. अंगमेहनत करणाराचें शरीर आधींच कमावलेलें असतें, असें याचें समर्थन होत असे. खरें कारण पंक्तिभेदाचें होतें हें सांगावयास नको. १८८० सालीं स्थापन झालेल्या नव्या संघानें ती अट काढून टाकली. मात्र इंग्लंडच्या उत्तरेस, जेथें उघड्या डोंगरांस 'फेल' म्हणतात व जेथून या खेळास त्याचें नांव मिळालें, तेथें मेंढपाळ व वाटाडे रोख बक्षिसाच्या शर्यती धांवत, आणि त्यांच्यांत जो हौशी उतरे त्याला हौशांच्या शर्यती बंद होत. तरीही त्या डोंगरांत दोन्ही प्रकारचीं माणसें वाढलीं. केझिक येथें अतिथिगृह चालविणाऱ्या बॉब ग्रॅहॅमनें १९३२ सालीं चोवीस तासांच्या आंत बेचाळीस शिखरें गांठलीं; १९७५ सालीं जॉस नेलर यानें तेवढ्याच अवधींत बहात्तर गांठलीं. हा नेलर वॉसडेल खोऱ्यांतला मेंढपाळ. तो ज्या डोंगरांत मेंढरें राखी त्याच डोंगरांत धांवे. आमच्याकडे अजून तरी बहुधा धांवणारा पहांटे मोटारींतून येतो, आणि मोळी वाहणारी वाडींतच राहते.

आमचे सोबती शर्यतीच्या हकीकती सांगतांना 'यातना', 'झुंज', 'परीक्षा' हे शब्द फार सढळ हातानें वापरतात. आम्हींही वापरले आहेत. पायाचे गोळे वळणें खोटें नसतें. म्हातारीच्या आणि आमच्या गुडघ्यांची वेदना कदाचित् एकाच जातीची असेल. पण आमच्या कष्टांस परत फिरण्याची मुभा आहे. छातीवरचा क्रमांक उतरवून एखाद्या झाडाखालीं बसलें कीं आमचा डोंगर संपतो, आणि कोणीतरी आम्हांस सरबत आणून देतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तीही ठाकरांचीच वाडी. तेथें सडक नव्हती. मोठीं यंत्रें वर नेतां येत नव्हतीं. मदतीस निघालेले लोक भर पावसांत, अंधारांत, चिखलाच्या वाटेनें पायींच चढले, आणि त्यांतील एका अग्निशमन अधिकाऱ्याचें चढतां चढतां हृदय बंद पडून निधन झालें. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत, व चौथ्या दिवशीं शोध थांबविण्यांत आला.

त्या मदतकार्यांत परिसरांतील हौशी गिर्यारोहकही होते. वर सांगितलेल्या स्नेह्यांनीं हें उदाहरण आमच्या बाजूनें पुढें केलें : पाहा, हौसेनें कमावलेले पाय वेळेस कामाला आले कीं नाहीं? आम्हांस हा बचाव घेववत नाहीं. जे गेले त्यांचें पुण्य न गेलेल्यांच्या खात्यावर कसें जमा व्हावें? त्या रात्रीं आम्ही घरीं झोंपलों होतों. बातमी सकाळीं चहाच्या वेळीं कळली, आणि आमचे पाय त्या वेळीं उत्तम स्थितींत होते. कोणाच्या उपयोगीं पडावें म्हणून आम्ही कधीं धांवलों नाहीं. धांवलें कीं बरें वाटतें म्हणून धांवतों. तें बरें वाटणें पाप आहे असें आम्ही अजूनही मानीत नाहीं, व तें सोडण्याचा निश्चयही आमच्या हातून झालेला नाहीं. मात्र इर्शाळवाडीची बातमी वाचल्यापासून म्हातारीचा तो प्रश्न पहिल्यापेक्षां जास्त वेळां आठवतो.

पुढच्या हिवाळ्यांत त्याच वाटेवर पुन्हां शर्यत होती. वाडीच्या वरच्या अंगास एक बाई व तिच्या मागें दहाबारा वर्षांची मुलगी, दोघी मोळ्या घेऊन उतरत होत्या. आम्ही त्यांच्या मागून चालूं लागलों. मुलीनें दोनदां वळून पाहिलें. तिला आमचें असें मागें राहणें विचित्र वाटलें असावें. तेवढ्यांत पाठीमागून एक तरुण धांवपटु आला, आम्हांस चालतांना पाहून थबकला, आणि धापा टाकीत म्हणाला, "काका, काय झालं? पाय मुरगळला का?"

"कांहीं झालें नाहीं," आम्ही म्हणालों. त्याला तें पटलेलें दिसलें नाहीं. त्यानें आपली पाण्याची बाटली आमच्या हातांत दिली.