न वाढवलेल्या जिवाणूचे अस्तित्व : प्रत्यक्ष, अनुमान आणि डीएनए

ज्या जिवाणूला प्रयोगशाळेत कोणी वाढवलेले नाही, तो अस्तित्वात आहे असे कशाच्या आधारे म्हणायचे? भारतीय दर्शनांच्या परिभाषेत हा प्रमाणांचा प्रश्न आहे. चार्वाक प्रत्यक्षालाच प्रमाण मानतात. नैयायिक अनुमानही स्वीकारतात, मात्र हेतू (खूण) आणि साध्य (सिद्ध करायची गोष्ट) यांची व्याप्ती, म्हणजे अटळ साहचर्य, निर्दोष असली पाहिजे, अशी त्यांची अट असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जिवाणूंची ओळख पोषक माध्यमावर उमटणाऱ्या वसाहतींवरून होत आली. पण मातीत किंवा समुद्राच्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली जितक्या पेशी मोजल्या जातात, त्यांतल्या साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी पेशी नेहमीच्या माध्यमावर वाढतात. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला अभावाचे प्रमाण मानतात, पण वस्तू तिथे असती तर आढळलीच असती, अशी स्थिती असेल तरच. माध्यमावर वसाहत न दिसणे ही अट पुरी करत नाही.

रेण्वीय पद्धती वाढवण्याचा टप्पा वगळतात. नमुन्यातला सगळा डीएनए काढून बहुधा १६एस आरआरएनए या सुमारे दीड हजार अक्षरांच्या जनुकाच्या प्रती पीसीआरने वाढवल्या जातात आणि त्यांचा क्रम ज्ञात क्रमांशी ताडला जातो. अशा जनुकाच्या आधारे १९९० मध्ये सार्गासो समुद्रातल्या पाण्यात सार११ हा अज्ञात जिवाणूगट सापडला. २००२ मध्ये त्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले गेले, म्हणजे अनुमानाला प्रत्यक्षाची जोड मिळायला बारा वर्षे लागली.

तरीही ‘जिथे डीएनए, तिथे जिवंत जिवाणू’ ही व्याप्ती सदोष आहे. पाश्चरीकरणात मेलेल्या जिवाणूंचा डीएनए दुधात टिकून राहू शकतो. न्यायदर्शनाच्या दृष्टीने हा सव्यभिचार, म्हणजे साध्य नसतानाही आढळणारा, हेतू झाला. पेशीपटल शाबूत असणे ही इथली उपाधी, म्हणजे अनुमानातली छुपी अट, आहे. जिवंत पेशीत ते शाबूत असतेच, पण डीएनए सापडला म्हणून ते शाबूत असेलच असे नाही. प्रोपिडियम मोनोअ‍ॅझाइड हे रंगद्रव्य याच फरकावर काम करते. फाटलेल्या पटलातून आत शिरून ते प्रकाशाच्या साहाय्याने डीएनएला घट्ट चिकटते, त्यामुळे मृत पेशींच्या डीएनएच्या प्रती पीसीआरमध्ये सहसा वाढत नाहीत.

कोणता जिवाणू किती आहे, याचे अनुमानही जपून करावे लागते. काही जिवाणूंत १६एस आरआरएनए जनुकाची एकच प्रत असते, तर काहींत दहाहून अधिक, म्हणून क्रमांची टक्केवारी ही पेशींची टक्केवारी नसते. अभावाबाबत तर मीमांसकांची अट इथेही लागू होते. पीसीआरचा प्रायमर ज्या जिवाणूच्या जनुकाशी जुळत नाही, तो जिवाणू नमुन्यात असूनही निसटतो. उलट रसायनांतूनच आलेला डीएनए नमुन्यात नसलेला जिवाणू दाखवतो, म्हणून नमुन्याविना कोरी चाचणी सोबत घेतली जाते.

नामकरणात प्रत्यक्ष की अनुमान हा वाद नियमांच्या पातळीवर पोहोचला आहे. जिवाणूंच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नव्या जातीचे जिवंत संवर्धन दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागते. पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र असाच एक संग्रह सांभाळते. २०२२ मध्ये आलेल्या सीक्वकोडने मात्र जनुकसंचाचा क्रम हाच नावाचा आधार मानला. पहिली संहिता प्रत्यक्षाचा आग्रह धरते, तर दुसरी दर्जेदार क्रमावरून केलेले अनुमान पुरेसे मानते.