पाच मैलांच्या आतलं घर

नव्या सोसायटीत फ्लॅटचे ताबे मिळू लागले की पहिले काही महिने तिथे हातोड्याचा आवाज थांबत नाही. बिल्डरने नुकत्याच बसवलेल्या फरश्या उखडल्या जातात, स्वयंपाकघरातला कोरा ओटा फोडला जातो, न्हाणीघराच्या टाइल्स भिंतीवरून उतरवल्या जातात. ज्या फरशीवर कुणी संसार मांडलेला नाही, ती गोणीत भरून खाली येते आणि राडारोडा म्हणून शहराबाहेर जाते. मग त्याच घरात बांबूचे दिवे, तागाचे गालिचे आणि खिडकीत कुंड्या येतात. बांबूबद्दल किंवा तागाबद्दल माझी तक्रार नाही. पण घर निसर्गाला किती महागात पडलं याचा निकाल हातोडा पडला तेव्हाच लागलेला असतो, असं मला ठामपणे वाटतं.

त्या फरशीमागे काय काय असतं ते पाहा. आपल्याकडच्या व्हिट्रिफाइड टाइल्स मोठ्या प्रमाणावर गुजरातेतल्या मोरबीहून येतात. माती आणि फेल्डस्पार दळून, प्रचंड दाबाखाली साच्यात दाबून, सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत त्या भाजतात. या भट्ट्यांसाठी तिथले अनेक कारखाने कोळशापासून वायू तयार करत. त्यातून होणाऱ्या प्रदूषणामुळे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ते कोळसा-गॅसिफायर बंद करायला लावले. भाजलेली टाइल शेकडो किलोमीटर ट्रकमधून येते आणि सिमेंटमध्ये बसते. सिमेंटचा क्लिंकर भाजायला तर १४५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. एवढं सगळं जाळून तयार झालेली वस्तू केवळ रंग आवडला नाही म्हणून फुटते आणि पुन्हा तेवढंच जाळून दुसरी येते. सिमेंटमध्ये घट्ट बसलेली टाइल अख्खी निघत नाही, त्यामुळे ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगीही पडत नाही. बांधकामाच्या राडारोड्याबद्दल २०१६ साली केंद्राने नियम केले. ज्याच्या घरातून तो निघतो त्याच्यावर त्यांनी जबाबदारी टाकली, तरी ओढ्यांच्या काठचे ढीग कमी झालेले दिसत नाहीत.

लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुविशारद चाळीसच्या दशकात चीनमधलं काम आटोपून मायदेशी निघाले होते. जहाजाची वाट पाहत ते मुंबईत थांबले असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली. आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेलं असावं, असं गांधीजी म्हणाल्याचं बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. सेवाग्रामची बापू कुटी हे त्या विचाराचं आपल्या विदर्भातलं उदाहरण आहे. माती, बांबू, वर कौलं. गांधीजींच्या शिष्या मीराबहेननी कुटीच्या भिंतीवर ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढले आहेत, तेही मातीतच. भिंत ज्याची, सजावटही त्याचीच. सजावटीसाठी वेगळी वस्तू आणावी लागत नाही, अशी ही रचना गृहसजावट शिकवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना नेऊन दाखवावी.

कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या सातव्या मजल्यावर पाच मैलांचा हा नियम कसा पाळायचा? तिथे ना माती, ना बांबूचं बेट. पण शहरातही पाच मैलांच्या आत एक मोठी खाण आहे: पाडली जाणारी जुनी घरं. पुण्याच्या पेठांतले वाडे, गिरगाव-लालबागच्या चाळी, नाशिक-कोल्हापूरच्या गावठाणातली घरं रोज उतरवली जात आहेत. त्यांतून सागवानी तुळया, खांब, दारांच्या चौकटी, पितळी कड्या, शहाबादी फरश्या बाहेर पडतात. बेकर स्वतः केरळात पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या आणि कौलं शोधून नव्या घरांत बसवत असत. आपल्याकडेही जुन्या लाकडाच्या वखारी आहेत आणि तिथे हा सागवान घनफुटाने विकला जातो. कित्येक दशकं वाळलेलं ते लाकूड आता फारसं आक्रसत नाही, वाकत नाही. त्याच्यासाठी नवं झाड तोडावं लागत नाही.

हे सोपं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या तुळईत खिळे असतात. ते शोधून उपटल्याशिवाय मिस्त्री तिला करवत लावत नाही. कीड तपासावी लागते. माप हवं तसं मिळत नाही, त्यामुळे टेबलाच्या आराखड्याला लाकडाप्रमाणे जुळवून घ्यावं लागतं. मजुरी जास्त पडते. पण हिशेब नीट मांडला तर पैसा कारखान्याच्या मालाकडे जाण्याऐवजी सुताराच्या हाती जातो, आणि माझ्या मते पैसा याच दिशेने जायला हवा.

फरश्यांचंही तेच. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या प्रेरणेने 'भारत टाइल्स'ची सुरुवात झाली. नक्षीच्या सिमेंट फरश्या तिथे तयार होऊ लागल्या. या फरश्या भट्टीत भाजत नाहीत. दाबून करतात आणि पाण्यात मुरवतात. जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तुडवल्या गेलेल्या अशा फरश्या घासून पॉलिश केल्या की पुन्हा उजळतात. चुन्यात बसवलेल्या असतील तर बऱ्याचदा अख्ख्या निघतातही. शहाबादी ही कलबुर्गी भागातल्या खाणीतली. तिलाही भट्टी लागत नाही. तुमच्या घरात यांपैकी काही असेल तर त्यावर नवी टाइल चढवण्यापूर्वी एका खोलीत घासून बघा.

लाकडाचा प्रश्न केवळ जंगलाचा नाही, तो घरातल्या हवेचाही आहे. एमडीएफ आणि स्वस्त प्लायवूड चिकटवायला युरिया-फॉर्माल्डिहाइडचा डिंक वापरतात. त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू महिनोन्‌महिने झिरपत राहतो. उष्णता आणि दमट हवेत जास्त. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो माणसाला कर्करोग करणारा पदार्थ म्हणून नोंदवला. नव्या कपाटाचा डोळ्यांना झोंबणारा वास तो हाच, आणि एसीसाठी बंद ठेवलेल्या लहानग्यांच्या खोलीत त्याला बाहेर जायला वाटही नसते. प्लाय घ्यावाच लागला तर फिनॉलच्या डिंकाचा, पाण्याला टिकणारा घ्या, आणि उत्सर्जनाचा दर्जा विचारा. अख्ख्या लाकडाला लाखेचं पॉलिश केलं, तर ओरखडा उठल्यावर तेवढ्याच जागी पुन्हा हात मारता येतो. सनमायकाची कड एकदा पाणी लागून फुगली की तो कपाटाचा शेवटच.

हवेवरून खिडकी आठवते. सरकत्या खिडकीची निम्मीच जागा उघडते. बिजागरीवरची पूर्ण उघडते. राष्ट्रीय बांधकाम संहितेने राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची सांगितली आहे आणि आपण त्यातली वीतभर पीओपीच्या फॉल्स सीलिंगखाली घालवतो. बाल्कनी हॉलमध्ये घेतली की भिंतीवरची सावलीही गेली. मग एसी लागतोच.

आता थोडं पैशांच्या व्यवहाराबद्दल. अनेक डिझायनर एकूण खर्चाच्या टक्केवारीत मानधन घेतात. अशा व्यवस्थेत 'हे राहू द्या' असं सांगणारा डिझायनर स्वतःचं नुकसान करून घेतो. चांगली, कळकळीने काम करणारी माणसं या क्षेत्रात आहेत, पण व्यवस्था त्यांच्या बाजूची नाही. म्हणून माझी विनंती आहे: काम देण्यापूर्वीच मानधन ठरावीक रकमेत बोला, आणि पहिल्या भेटीत नव्या वस्तूंची नव्हे, काय काय ठेवता येईल याची यादी मागा. नवं घर घेत असाल तर ताब्याची वाट पाहू नका. करारातली फरशी-टाइल्सची यादी वाचा आणि जे नकोच असेल ते बसवू नका, किंमत कमी करा, असं बिल्डरला काम सुरू होण्यापूर्वी लेखी कळवा. प्रत्येक बिल्डर ऐकेल असं नाही. पण एकाच इमारतीतल्या वीस कुटुंबांनी मिळून पत्र दिलं, तर त्याला उत्तर द्यावंच लागेल.