डब्याची वेळ

तेलकट कमी करा, मीठ जपून खा, वेळेवर जेवा, झोप पुरी घ्या. रक्तदाब वाढलेल्या माणसाला डॉक्टर हेच सांगतात, आणि त्यात चूक काहीच नाही. पण हा सल्ला घेऊन वॉचमन रात्री आठला फाटकावरच्या केबिनमध्ये येऊन बसतो, तेव्हा यातलं काय काय त्याच्या हातात उरतं, ते एकदा बघायला हवं.

केबिन हातभर. खुर्ची, गाड्यांचे नंबर लिहायचं रजिस्टर, खिळ्याला अडकवलेली डब्याची पिशवी. डबा संध्याकाळी सहालाच भरलेला. उन्हाळ्यात अकरापर्यंत आमटीला वास यायला लागतो, म्हणून घरचे आमटी देणंच सोडून देतात. चपातीबरोबर लोणचं किंवा चटणी. गरम करायची सोय नाही, हात धुवायचा नळ पार्किंगच्या पार टोकाला. घास तोंडात जातो न जातो तोच हॉर्न वाजतो. डबा झाकायचा, फाटक उघडायचं, नंबर लिहायचा. दोन-अडीचला डोळे मिटायला लागले की गोड चहा आणि बिस्किटाचा पुडा, नाहीतर मूठभर फरसाण. सकाळी ड्यूटी सुटते तेव्हा कोपऱ्यावरच्या गाडीवर वड्यांचा पहिला घाणा निघालेला असतो. गरम, पोटभर आणि खिशाला परवडणारं त्या घडीला तेवढंच असतं.

याला जिभेचे चोचले म्हणता येत नाही. रात्री आपलं शरीर साखर दिवसाइतकी नीट हाताळत नाही. तेच अन्न मध्यरात्री खाल्लं तर रक्तातली साखर जास्त चढते. दिवसाची झोप मोडकीतोडकी, आणि अपुऱ्या झोपेने रक्तदाबही वाढतो, भूकही. वर लोणच्या-फरसाणातलं मीठ.

शिवाय कामाचे तास. बारा तासांची ड्यूटी, आठवड्याचे सहाच दिवस धरले तरी ७२ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा ३५ टक्क्यांनी अधिक असतो. आपला वॉचमन पाचव्या दिवशीच ही रेषा ओलांडतो.

लंडनमधल्या सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. ही सगळी पगारदार, कचेरीत बसणारी माणसं. तरीही खालच्या श्रेणीतले हृदयविकाराने जास्त दगावत होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सारं हिशेबात धरूनही तो फरक पुरता सुटेना. पुढच्या टप्प्यात मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक धागा सापडला: आपलं काम कसं, कधी करायचं यात ज्यांना काहीच बोलता येत नाही, त्यांच्यात हा आजार जास्त. फाटक सोडून दहा मिनिटं हलताही न येणाऱ्या माणसाचं मग काय होत असेल?

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास सुट्टी आणि अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे उपाहारगृह, अशी तरतूद केली होती. जेवण हा कामाच्या व्यवस्थेचाच भाग आहे, हे तेव्हाच मान्य झालं होतं. फाटकावर एकट्याने बसणाऱ्या माणसापर्यंत ते पोचलं नाही.

बाराऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या आणि तेवढ्यातच घर चालेल असा पगार, असं केलं तर सोसायटीचा देखभाल खर्च वाढेल, हे खरं आहे. तो वाढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर केबिनमध्ये एक विजेची शेगडी, पाण्याचा नळ आणि रात्री साडेनऊ ते दहा आळीपाळीने एका सभासदाने फाटक सांभाळायचं, एवढं तरी सुरू करता येईल. येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे, आणि पहिल्या आठवड्याची पाळी माझी धरावी, असंही त्यात लिहिलं आहे.