घंटा कोणाची?

वसईचा किल्ला पाहावयास येणारे संत जोसेफच्या मनोऱ्याखाली उभे राहतात. वर घंटा मात्र नाही. १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकल्यावर येथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या. त्यांपैकी काही आज भीमाशंकरी, नाशिकला, वाईजवळच्या मेणवलीत आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह पवित्र मरियेची प्रतिमा अद्याप दिसते. त्या परत मागाव्यात, असे आपल्यातील काहींना वाटते. लूट ती लूटच, हे खरे. परंतु ज्या पोर्तुगीज सत्तेच्या छायेत त्या टांगल्या गेल्या, तिनेही येथील देवळे पाडली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. शिवाय पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ज्या भाविकांचे हात त्या घंटांना लागले, त्यांच्यापासून त्या कोणत्या न्यायाने हिरावून घ्याव्यात? आम्हांस तरी तो न्याय सापडलेला नाही.